ठराव झाला, पाणी मिळाले का?

तालुका शाखेच्या वार्षिक बैठकीत अहवाल वाचण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. अहवाल लिहिणे तसे सोपे असते. डायरी उघडायची आणि तारखा उतरवून काढायच्या. १ जानेवारी, १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, वर्षावासातील ग्रंथवाचन, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर. मध्ये एखादे धरणे, तहसीलदारांना दिलेली दोन-चार निवेदने, एक रक्तदान शिबिर. सगळे मिळून तीस-पस्तीस कार्यक्रम भरतात. शेवटी एक ठरलेले वाक्य असते, "सर्व कार्यक्रम यशस्वीरीत्या पार पडले." टाळ्या होतात, चहा येतो आणि पुढच्या वर्षाची कार्यकारिणी निवडली जाते.

अशाच एका बैठकीत मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. तिने विचारले, "दादा, आपल्या तालुक्यातल्या आपल्या किती मुली दहावीनंतर कॉलेजला गेल्याच नाहीत?" माझ्या हातात सात पानांचा अहवाल होता, त्यात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. अध्यक्ष म्हणाले, "ताई, प्रश्न चांगला आहे, पुढच्या बैठकीत घेऊ." पुढच्या बैठकीला ती आली नाही आणि तिचा प्रश्नही विषयपत्रिकेवर आला नाही.

तो प्रश्न नेमका कशाचा होता हे मला बऱ्याच उशिरा कळले. आम्ही काय केले हे ती विचारत नव्हती. आम्ही केल्यामुळे काय बदलले, हे ती विचारत होती. संघटनेचे धोरणात्मक नियोजन आणि मूल्यमापन असे जड शब्द वापरून प्रशिक्षण शिबिरांत जे शिकवले जाते, ते सारे या दोन प्रश्नांतील फरकावर उभे आहे.

चौथ्यापासून सुरुवात

बुद्धांनी सांगितलेली चार आर्यसत्ये आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहेत. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध होऊ शकतो आणि त्या निरोधाकडे नेणारा मार्ग आहे. क्रम नीट पाहा. मार्ग शेवटी येतो. त्याआधी दुःख नेमके कोणते ते पाहिले जाते, मग त्याचे कारण शोधले जाते, मग कुठे पोहोचायचे ते ठरते. आपल्या बैठका मात्र थेट चौथ्यापासून सुरू होतात. "यंदा काय करायचे?" हा पहिला प्रश्न आणि लगेच सूचनांचा पाऊस. धम्म परिषद घेऊ, मोटारसायकल रॅली काढू, विहाराचा दुसरा मजला बांधू. कोणते दुःख, कोणाचे, किती जणांचे, कशामुळे, याची चर्चाच होत नाही. मग वर्षअखेरीस तपासायला फक्त कार्यक्रम उरतात.

शब्दांचा थोडा उलगडा करतो, कारण ठरावांत ते एकमेकांच्या जागी वापरले जातात. ध्येय म्हणजे दूरची दिशा, उदाहरणार्थ जातिअंत. कोणतीही तालुका शाखा जातिअंत पाच वर्षांत पूर्ण करणार नाही, पण दिशा तीच राहील. उद्दिष्ट म्हणजे त्या दिशेने ठरावीक मुदतीत आणायचा, डोळ्यांनी पाहता येईल असा एक बदल. कृती म्हणजे तो बदल आणण्यासाठी केलेले काम. "समाजात शैक्षणिक जागृती करणे" हे वाक्य यापैकी कशातच बसत नाही. ते पूर्ण झाले की नाही हे कधीच सांगता येणार नाही आणि म्हणूनच ते आपल्या प्रत्येक घटनापत्रकात सापडते. त्यात हरण्याची भीती नसते.

उद्दिष्टाची माझी कसोटी साधी आहे. ते फसू शकते का? फसले तर ते फसले हे सगळ्यांना कळेल का? दोन्हींचे उत्तर "नाही" असेल तर ते उद्दिष्ट नव्हे, ती शुभेच्छा आहे.

चवदार तळ्याचा हिशेब

ही कसोटी बाहेरच्या कुठल्या व्यवस्थापनशास्त्रातून आणण्याची गरज नाही. ती महाडमध्ये आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अशी सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. आजच्या आपल्या अहवालाच्या भाषेत सांगायचे तर काम झाले. ठराव आहे, तारीख आहे, सरकारी कागद आहे. एखाद्या संघटनेने पेढे वाटले असते आणि "पाठपुराव्याला यश" अशी बातमी छापून आणली असती.

पण तळ्यावर कोणी गेले नाही. तीन वर्षे गेली नाहीत. ठराव कागदावर होता आणि पाणी तळ्यात होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. म्हणजे परिषदेने ठरावाची अंमलबजावणी झाली का हे पायांनी जाऊन तपासले. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. जो विजय कागदावर होता तो कागदावरच गेला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेवढ्यात विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. हजारो लोक जमलेले, प्रतिज्ञा घेतलेले आणि समोर हुकूम. बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम स्थगित केला. जमलेल्या लोकांना हे पचवणे सोपे नव्हते. परंतु त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, मनुस्मृतीचे दहन झाले आणि लढा केवळ पाण्याचा नाही, समतेचा आहे हे जाहीर झाले. म्हणजे कृती थांबवली, ध्येय अधिक स्पष्ट केले आणि तळ्याचा प्रश्न न्यायालयात लढवला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ठरावापासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे.

या साडेतेरा वर्षांत तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या वेळी झाल्या आणि आपल्या अहवालांत त्या एकाच रकान्यात कोंबल्या जातात. ठराव झाला, ती व्यवस्थेने दिलेली कबुली. लोक पाणी प्याले, ती प्रत्यक्षात घडलेली गोष्ट. न्यायालयाने हक्क मान्य केला, तो मागे घेता न येणारा बदल. आज आपण निवेदन देतो, जिल्हाधिकारी "कार्यवाही करतो" म्हणतात, फोटो निघतो. आपण १९२४ मध्ये उभे असतो आणि अहवाल १९३७ चा लिहितो.

सत्कार झालेल्यांची यादी

गेल्या काही वर्षांत विहाराला जोडून अभ्यासिका उघडण्याचे काम अनेक गावांत झाले. हे मला मनापासून आवडते. विहारात पुस्तकांचे कपाट, ट्यूबलाइट आणि रात्री अकरापर्यंत वाचणारी मुले, हे दृश्य मूर्तीभोवतीच्या रोषणाईपेक्षा कितीतरी चांगले. पण अभ्यासिकेचे यश कसे मोजतो? १४ एप्रिलला सत्कार होतो त्यावरून. एक पीएसआय, एक तलाठी, दोन पोलीस शिपाई. फ्लेक्सवर त्यांचे फोटो असतात.

आता दुसरी यादी काढू. ती कोणाकडेच नसते. त्या अभ्यासिकेत पाच वर्षांत किती मुले-मुली आल्या? किती जण तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर गुपचूप यायचे बंद झाले? तिशी उलटल्यावर, पदवी जुनी झाल्यावर, ते आज काय करतात? किती मुली लग्न ठरल्यावर पुस्तके कपाटात ठेवून गेल्या? या यादीतील लोकांना आपण सत्काराला बोलावत नाही आणि त्यांची माहितीही ठेवत नाही. निवड झालेल्यांवरून अभ्यासिकेचे मोजमाप करणे म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाकडे बघून तिकीट घेणे शहाणपणाचे ठरवण्यासारखे आहे.

उद्दिष्ट असेही लिहिता आले असते की अभ्यासिकेत नाव नोंदवलेला प्रत्येक जण तीन वर्षांच्या आत नोकरी, पुढचे शिक्षण, कौशल्याचे काम किंवा स्वतःचा व्यवसाय यांपैकी कशात तरी असेल आणि कोणीही नोंदीतून गळणार नाही. हे लिहिल्याबरोबर अभ्यासिकेचे काम बदलते. मग फक्त स्पर्धा परीक्षेची पुस्तके पुरत नाहीत. आयटीआयचे प्रवेश कधी सुरू होतात हे सांगणारा माणूस लागतो, दुसऱ्या वर्षी प्रत्येकाशी बसून "पुढे काय?" विचारणारा कोणी लागतो. उद्दिष्ट कसे लिहिले यावरून काम ठरते, असे म्हणतात ते हेच.

आणखी एक उदाहरण शिष्यवृत्तीचे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते हे सगळे हवे. अर्ज विद्यार्थ्याने भरला तरी तो महाविद्यालयाच्या लॉगिनवरून पुढे गेला नाही तर तिथेच पडून राहतो. आपली शाखा "शिष्यवृत्ती मार्गदर्शन शिबिर" घेते. शंभर खुर्च्या भरल्या की शिबिर यशस्वी. त्याऐवजी शाखेने असे ठरवावे: आपल्या तालुक्यातील दोन ठरावीक कनिष्ठ महाविद्यालये घ्यायची, तिथल्या अकरावी-बारावीच्या पात्र विद्यार्थ्यांची यादी प्राचार्यांच्या परवानगीने पाहायची आणि वर्षअखेरीस त्यातील किती जणांच्या खात्यात पैसे आले ते मोजायचे. शिबिर घ्या किंवा न घ्या. कदाचित शिबिराची गरजच नसेल. कदाचित अडचण मुलांकडे नसून कॉलेजच्या लिपिकाकडे असेल आणि एका शिष्टमंडळाने काम होईल. हे यादी पाहिल्याशिवाय कळणार नाही.

सुरुवातीची स्थिती लिहून ठेवणे ही मूल्यमापनातली सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काम सुरू करण्याच्या आधी किती होते? हे लिहिलेले नसेल तर वर्षाने कोणताही आकडा घेऊन बसा, तो वाढला की घटला हे सांगता येत नाही. मग अध्यक्षांच्या आवाजाची पट्टी ठरवते की वर्ष चांगले गेले.

जिल्हा हा नुसता मोठा तालुका नव्हे

संघटना मोठ्या झाल्या की राज्य कार्यकारिणी एक कार्यक्रम ठरवते आणि तो सर्व जिल्ह्यांना पाठवते. पत्रक तेच, घोषणा तीच, तारीख तीच. पण महाराष्ट्रातील बौद्ध समाज सगळीकडे सारखा पसरलेला नाही. अकोला, वाशीम, हिंगोली, नागपूर या भागांत बौद्धांचे प्रमाण लक्षणीय आहे. कोल्हापूरमध्ये जनगणनेत ते अगदी थोडे दिसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावातले मंडळ वेगळे आणि त्याच गावाचे मुंबईतले मंडळ वेगळे असते आणि निर्णय बहुधा मुंबईत होतात. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर शाळेतून नाहीशी होतात, तर पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत प्रश्न पुनर्वसनाचा आणि भाड्याच्या खोलीचा. या सर्वांना एकच उद्दिष्ट देणे म्हणजे एकच मापाचा बूट सर्वांना वाटणे. राज्याने दिशा द्यावी. उद्दिष्ट मात्र जिल्ह्याने आपल्या स्थितीवरून लिहावे आणि राज्याने त्या उद्दिष्टावरूनच जिल्ह्याला जाब विचारावा.

प्रदेशाच्या नियोजनाची दुसरी बाजू सरकारी आहे आणि आपले तरुण तिकडे फारसे पाहत नाहीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली. महाराष्ट्राने तिचा कायदा १९९८ मध्ये केला. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत सर्वसाधारण, आदिवासी आणि अनुसूचित जाती असे वेगळे भाग असतात. अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवण्याचे हे तत्त्व १९७९-८० च्या विशेष घटक योजनेपासून चालत आले आहे. वस्ती विकास, रमाई आवास यांसारख्या योजना "अनुसूचित जाती व नवबौद्ध" अशा नावाने चालतात, त्या याच चौकटीतील.

या निधीचा प्रगती अहवाल हातात घेऊन पाहा, न मिळाल्यास माहिती अधिकारात मागा. त्यात साधारण चार रकाने दिसतील. तरतूद किती, निधी मिळाला किती, वितरित किती, खर्च किती. डिसेंबरपर्यंत खर्चाचा रकाना रोडावलेला असतो आणि मार्चमध्ये फुगतो. आपल्या संघटनांची मागणी बहुतेक वेळा "निधी पूर्ण खर्च करा" एवढीच असते. ती रास्त आहे, पण अपुरी आहे. कारण खर्चाच्या पुढे पाचवा रकाना नाही. वस्तीत पेव्हर ब्लॉक बसले, खर्च शंभर टक्के झाला, पण गटाराचे पाणी पूर्वीसारखेच घरात शिरते, तर त्या वस्तीचे काय बदलले? पाचवा रकाना प्रशासन भरणार नाही. तो जिल्हा शाखेने भरायचा असतो. दहा वस्त्या निवडा, काम मंजूर होण्याआधी एकदा आणि पूर्ण झाल्यावर एकदा जा, तिथल्या बायांना विचारा. त्यातील दोन नोंदी जरी पालकमंत्र्यांसमोर वाचून दाखवल्या तरी वीस निवेदनांपेक्षा जास्त काम होते.

जनगणनेचा पेच

मूल्यमापन किती अवघड असते आणि ते टाळल्याने काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्यासमोर आहे.

१९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर गावोगाव माणसांनी प्रगणकाला ठामपणे धर्म सांगितला, त्याचा तो परिणाम. २००१ मध्ये राज्यात ५८,३८,७१० बौद्ध होते, २०११ मध्ये ६५,३१,२००. दहा वर्षांत वाढ सुमारे १२ टक्के. त्याच काळात राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. म्हणून बौद्धांचे राज्यातील प्रमाण ६.०३ टक्क्यांवरून ५.८१ टक्क्यांवर आले.

या आकड्यांवर आपल्याकडे लगेच निष्कर्ष निघाला: जनजागृती कमी पडली, लोकांनी धर्म हिंदू लिहिला. काही प्रमाणात तसे असेलही. पण दुसरेही कारण शक्य आहे. २०११ मध्ये देशातील बौद्धांची साक्षरता ८१ टक्क्यांहून अधिक होती, देशाची सरासरी ७३ च्या आसपास. शिक्षण वाढते, मुली शिकतात, तिथे कुटुंब लहान होते. मग वाढीचा वेग मंदावणे हे अपयश की यश? दोन्ही कारणे एकाच आकड्यात मिसळलेली आहेत आणि आकडा स्वतःहून ती वेगळी करून देत नाही. वेगळी करायची असतील तर गावपातळीवरची माहिती हवी. अमुक गावात आपली किती घरे आहेत आणि त्यांपैकी किती घरांनी प्रगणकाला बौद्ध सांगितले, हे आपण २०११ मध्ये लिहून ठेवलेले नाही. मोहीम आपण केली, पत्रके आपण वाटली, पण तिचा परिणाम मोजण्याचे साधनच केले नाही. त्यामुळे मोहीम उपयोगी पडली की नाही याचे उत्तर आज कोणीही देऊ शकत नाही.

याच्या पोटात दुसरा, अधिक नाजूक प्रश्न आहे. २०११ मध्ये राज्यातील ६५ लाख बौद्धांपैकी सुमारे ५२ लाख अनुसूचित जातीत मोजले गेले. उरलेल्यांत काही जण मुळात अनुसूचित जातीचे नसतील, पण अनेकांनी जातीच्या रकान्यातही "बौद्ध" सांगितले हे आपल्या सर्वांना माहीत आहे. अनुसूचित जातींच्या यादीत "बौद्ध" ही जात नाही. त्यामुळे असा माणूस धर्माच्या रकान्यात बौद्ध म्हणून मोजला जातो, पण अनुसूचित जातींच्या लोकसंख्येतून वजा होतो. राखीव जागा आणि घटक योजनेचा निधी त्या लोकसंख्येवर ठरतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म सांगूनही अनुसूचित जातीचा हक्क कायम राहतो. तरीही "जात लिहायची नाही" असे सांगणारे कार्यकर्ते आहेत आणि त्यांची भूमिका पोकळ नाही. ज्याने जात टाकली त्याने ती पुन्हा सरकारी कागदावर का लिहावी, हा प्रश्न मनाला भिडणारा आहे.

माझे मत असे की धर्म बौद्ध आणि पूर्वाश्रमीची जात, दोन्ही सांगावे. जात सांगणे म्हणजे ती मानणे नव्हे, झालेल्या अन्यायाची ती नोंद आहे. पण माझ्या मतापेक्षा महत्त्वाचे हे की प्रत्येक संघटनेने आपली भूमिका एकदा बसून ठरवावी आणि लिहावी. इथे दोन उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात, एक ओळखीचे आणि एक हक्काचे. धोरण ठरवणे म्हणजे अशा वेळी निवड करणे. ती निवड न करता एका वस्तीत एक कार्यकर्ता एक सांगतो आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरा उलटे सांगतो. मग घरातील आजी गोंधळून प्रगणकाला जे सुचेल ते सांगते.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. धर्म आणि जात विचारली जाणार ती दुसऱ्या टप्प्यात, लोकसंख्या गणनेत. त्याआधी करायचे काम साधे आहे. प्रत्येक शाखेने आपल्या पाच-दहा वस्त्यांतील घरांची वही करावी. प्रगणक येऊन गेल्यावर त्याच घरी पुन्हा जावे आणि काय सांगितले, प्रगणकाने विचारले की स्वतःच लिहिले, हे विचारून नोंदवावे. पत्रके किती छापली हे त्या वहीत लिहू नये.

तपासणार कोण?

ज्याने काम केले त्यानेच गुण द्यायचे, ही आपली पद्धत. सचिव अहवाल लिहितो, सचिवाचे मित्र टाळ्या वाजवतात. प्रश्न विचारणारा गटबाजी करतो असे ठरते. इथे मला भिक्खू संघाची एक जुनी प्रथा आठवते. वर्षावास संपताना, आश्विन पौर्णिमेला, पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघासमोर स्वतःहून विनंती करतो की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल तर मला सांगा. ज्येष्ठ भिक्खूही हे करतो. दोष दाखवणाऱ्याला हिंमत गोळा करावी लागत नाही, कारण आमंत्रण आधीच दिलेले असते. आपण वर्षावास समाप्तीला खीरदान करतो, भोजनदान करतो आणि हे एवढेच सोडून देतो.

शाखेने आपली मूल्यमापनाची बैठक त्याच आठवड्यात का ठेवू नये? अध्यक्षांनी सुरुवात करावी आणि "आमचे काय फसले ते सांगा" असे म्हणून खाली बसावे. ठरवलेली उद्दिष्टे कागदावर जशीच्या तशी वाचली जावीत. आठवणीतून सांगू नयेत, कारण आठवण नेहमी झालेल्या कामाकडे झुकते. दुसऱ्या तालुक्यातील दोन कार्यकर्ते तपासणीला बोलवावेत, आपण त्यांच्याकडे जावे. आणि ज्यांच्यासाठी काम केले त्यांच्यातील निदान काही जण, म्हणजे शिष्यवृत्ती न मिळालेला मुलगा, वस्तीतील बाई, अभ्यासिका सोडलेली मुलगी, तिथे खुर्चीवर बसलेले असावेत.

अशा बैठकीतून एखादे काम बंद करण्याचा निर्णयही निघाला पाहिजे. हेच आपल्याला सर्वांत जड जाते. वीस वर्षे चालत आलेला कार्यक्रम बंद करा म्हटले की संस्थापकांचा अपमान होतो. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुषांनी तो वर्षानुवर्षे चालवला, मार खाल्ला, तुरुंगात गेले. मंदिर उघडले नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्राने कळवले की हा सत्याग्रह आता पुरे. त्यांचे म्हणणे असे होते की लोकांना मूर्तिपूजक करणे हा हेतू कधीच नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात बळ यावे हा हेतू होता, तो साधला, आता शक्ती राजकारण आणि शिक्षणाकडे वळवावी. मंदिराचे दार हे मोजमाप धरले तर तो लढा हरला होता. माणसांत आलेले बळ हे मोजमाप धरले तर जिंकला होता. कोणते मोजमाप खरे हे त्यांना माहीत होते, म्हणून थांबता आले. पुढच्याच वर्षी येवल्याची घोषणा झाली.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. आकड्याचे वेड लागले की लोक आकडाच सांभाळू लागतात. "पन्नास घरी भेटी" असे उद्दिष्ट दिले की कार्यकर्ता दारातून जयभीम करून पुढे जातो आणि पन्नासचा आकडा भरतो. स्वाभिमान, धीर, एकमेकांवरचा विश्वास यांची टक्केवारी निघत नाही. पण ती निघत नाही म्हणून काहीच तपासायचे नाही, ही पळवाटही खूप वापरली गेली आहे. ज्या गावात मागच्या वर्षी मिरवणुकीचा रस्ता बदलायला लावला होता, तिथे यंदा लोक कोणत्या रस्त्याने गेले? याला टक्केवारी नाही, उत्तर मात्र आहे.

ऑक्टोबरची बैठक सुचवण्यामागे व्यवहारही आहे. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते. मार्चमध्ये अहवाल वाचला तर उरते फक्त हळहळ. ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याच्या निधीचे सहा महिने हातात असतात, शिष्यवृत्तीचे अडकलेले अर्ज अजून हलवता येतात, दहावीनंतर घरी बसलेल्या मुलीला पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी तयार करता येते. आमच्या शाखेत त्या मुलींची यादी करायला आम्ही अखेर सुरुवात केली, ती प्रश्न विचारला गेल्यानंतर दोन वर्षांनी. पहिली वही भरायला तीन आठवडे लागले. त्यात पहिले नाव ज्या घरातले निघाले, त्या घरी आम्ही दर १४ एप्रिलला वर्गणी घ्यायला जात होतो.